दुसरा भाग कोणाचा

झनकलाल मास्तर गेल्याचं मला त्यांच्या धाकट्या भावाने सांगितलं. मी तेव्हा छापखान्यात एका सभेच्या पत्रकाचं मुद्रित तपासत होतो. भाऊ त्यांच्या मुर्री गावाहून सायकलवर आला होता, दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. "दादा गेले सकाळी," एवढंच म्हणाला आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसायला लागला. मी हातातलं मुद्रित पुरं केलं, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे कागद दिला आणि मग चपला शोधायला लागलो. आज त्याला दीड महिना होऊन गेला... इतक्या वर्षांच्या ओळखीचा माणूस गेल्याचं ऐकून मी चुका दुरुस्त करत बसलो होतो, हे काही डोक्यातून जात नाही. मास्तरांच्या कानावर घातलं असतं तर म्हणाले असते, बरोबर केलंत, नाहीतर पत्रक पुन्हा छापायला लागलं असतं.

नागपूरच्या एका वृत्तपत्राने त्यांच्यावर चार ओळी छापल्या. त्यांत त्यांची पुस्तकं मोजली, त्यांना अनुवादक म्हटलं आणि मूळ कृतीशी इमान राखणारे असं प्रशस्तिपत्रही दिलं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण ती ओळ वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. ती खोटी आहे म्हणून नव्हे. ती खोटी असल्याचं मास्तरांना स्वतःला छापायचं होतं आणि मी छापू दिलं नाही, म्हणून. आज ते कबूल करायला बसलो आहे. मी लेखक नाही, छापणारा आहे. दुसऱ्यांचं लिखाण तपासण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतःचं लिहिताना हात अडखळतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी पुस्तकांबद्दल सांगतो, कारण त्या चार ओळींत निम्मीही आलेली नाहीत. माणूस कुठल्याही कागदाला नाही म्हणत नसे. धानाच्या रोपांवर पडणाऱ्या रोगाची सोळा पानी पुस्तिका त्यांची. महामारीच्या वर्षी पाणी उकळून प्या असं सांगणारं पत्रक त्यांचं, त्याच मजकुराचं ओव्यांत केलेलं रूपांतरही त्यांचं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथे रात्र जागवणाऱ्या दंडारीच्या खेळांसाठी त्यांनी किती सोंगं लिहून दिली त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. कचारगडच्या गुहांकडे पायी हिंडून तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींचं एक बारीक पुस्तक केलं. ते मी छापलं आणि त्याच्या प्रती अजून माझ्या माळ्यावर आहेत, कोणी घेतल्या नाहीत. इतकंच काय, बिडीच्या कट्ट्यांवर, म्हणजे जुड्यांवर, चिकटवायच्या लेबलांसाठी दोन दोन ओळींच्या कविताही त्यांनी केल्या, आणि त्या करताना ते जितकी घासपूस करत तितकी कादंबरीतही करत नसत. मी चेष्टा करायचो, मास्तर, हे लेबल लोक फाडून फेकतात. ते म्हणायचे, फाडण्याआधी नजर पडते ना, बस झालं. आणि या सगळ्याच्या मधोमध बंगालीतून आणि हिंदीतून केलेले अनुवाद. लोकांना माहीत आहेत ते तेवढेच.

बंगाली ते शिकले रेल्वेच्या बाबूंकडून. गोंदियाच्या जंक्शनावर तेव्हा बंगाली कारकुनांची बरीच बिऱ्हाडं होती. मास्तर त्यांच्या मुलांना गणित शिकवायचे आणि त्यांच्या बायकांकडून वाचायला पुस्तकं मागून आणायचे. घरची पोवारी, गावची झाडीबोली, बाजाराची हिंदी, शाळेतली पुस्तकी मराठी, त्यात ही पाचवी. मुर्रीत त्यांच्या घरची बऱ्यापैकी धानाची शेती होती, भाऊ ती बघत. यांचं लक्ष कधी बांधावर नव्हतं. शाळेतली नोकरीही फार टिकली नाही. युद्धाच्या निधीसाठी मुलांना वर्गणी मागायला घरोघर पाठवा असा वरून हुकूम आला, तेव्हा हे तपासनिसाच्या तोंडावर म्हणाले की पोरं शिकायला येतात, भीक मागायला नाही. महिन्याभरात नोकरी गेली. त्यांच्या स्वभावाची माहिती असलेल्या कोणालाही आश्चर्य वाटलं नाही.

मग ते आमच्या छापखान्यासमोरच्या बिडीच्या कारखान्यात बसायला लागले. शिकलेला माणूस, शेतीवाल्या घरचा, बिड्या वळायला बसतो म्हणून भावकीत फार बोलणी झाली. त्यांना त्याचं काही नव्हतं. वळायला मात्र त्यांना अजिबात येत नसे, पान सुटायचं, तंबाखू सांडायची, शेजारच्या बाया हसून बेजार व्हायच्या. त्यांना तिथे ठेवून घेतलं ते वाचनासाठी. त्या कारखान्यात एक चाल होती. दुपारी जेवणं झाली की हात चालतात पण कान रिकामे असतात, डोळ्यांवर झापड येते. म्हणून ज्याला अक्षर येतं अशा एकाने काहीतरी मोठ्याने वाचायचं आणि त्याच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्यांनी वळायच्या. प्रत्येक बाई आपल्या सुपातल्या मूठभर बिड्या वाचणाऱ्याच्या टोपलीत टाकायची. शेठला त्यात तोटा नव्हता, हात उलट जास्त चालायचे. आधी तिथे कथापुराणं वाचली जात. मास्तरांनी कादंबऱ्या आणल्या.

त्यांची अनुवादाची रीत इथे तयार झाली आणि शेवटपर्यंत तीच राहिली. समोर बंगाली पुस्तक उघडं, डोळे त्याच्यावर, आणि तोंडातून मात्र थेट झाडीबोली. मध्ये कागद नाही, पेन्सिल नाही. बाया ऐकायच्या आणि मास्तर त्यांच्या हातांकडे बघायचे. हात मंदावले तर वाक्य कळलेलं नाही, तेच पुन्हा दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं. हात पार थांबले तर वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं. संध्याकाळी घरी जाऊन ते सगळं पुस्तकी मराठीत उतरवायचं आणि मग माझ्याकडे आणायचं. मी गमतीने म्हणायचो की तुमचे अनुवाद तंबाखूचा वास येऊन वाचवत नाहीत. वास खरंच यायचा. खोकलाही त्याच दिवसांत लागला, पण तेव्हा आम्ही दोघांनीही तो मनावर घेतला नाही.

मूळ पुस्तकाच्या बाबतीत ते किती कडक होते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकदा एका कादंबरीत नदीकाठचं दोन पानं वर्णन होतं. कागद महाग झालेला. मी सुचवलं की हे गाळू, गोष्ट काही अडत नाही. मास्तर एकदम उभे राहिले. "ते झाड बंगाली लेखकानं लावलं हाये, नानाजी. तोडायले आपन कोन?" म्हणाले आणि हस्तलिखित काखेत मारून निघून गेले. मी दोन दिवसांनी मुर्रीला जाऊन त्यांना परत आणलं आणि नदीकाठ सगळाच्या सगळा छापला.

असा हा माणूस. आणि ‘तरुलतेचे घर’ हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक, ज्याच्या तीन आवृत्त्या मी काढल्या, ज्याच्यावरून त्यांना इमानदार अनुवादक म्हणतात, त्याचा दुसरा भाग अनुवाद नाही. तो झनकलाल मास्तरांनी स्वतःच्या डोक्यातून लिहिला. हे वाक्य लिहायला मला फार उशीर झाला.

झालं ते असं. मूळ कादंबरी दोन भागांची. एका बाबूंची बदली झाली, जाताना त्यांनी मास्तरांना पहिला भाग दिला आणि दुसरा कलकत्त्याहून टपालाने पाठवतो म्हणाले. गोष्ट तरुलता नावाच्या एका सुनेची. सासरी मार, उपास, नवऱ्याचे टोमणे. पहिल्या भागाच्या अखेरीला ती पहाटे उठते, दार उघडते आणि एक पाय उंबऱ्याबाहेर टाकते. तिथे भाग संपतो. मास्तरांनी हिवाळाभर तो भाग कारखान्यात वाचला. बायांनी तरुलतेला आपलीच मानली होती, तिला तरू म्हणायच्या. भाग संपला आणि टपाल काही येईना. युद्धाचे दिवस, बंगालात माणसं भुकेने रस्त्यावर पडत होती, तिथे एका पुस्तकाचं पार्सल कोण बघतो. मास्तरांनी बायांना समजावलं, तोवर दुसरं काही वाचतो म्हणाले. बायांनी ऐकून घेतलं, पण त्या दिवशी त्यांच्या टोपलीत एकही बिडी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर माझ्याकडे येऊन हसत हसत म्हणाले की माझ्यावर संप झाला आहे. चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच पहिला भाग हातात घेतला, शेवटचं पान उघडलं आणि पुढे सांगायला सुरुवात केली.

पुढे काही आठवडे ते तसं सांगत राहिले. त्यांच्या गोष्टीत तरू चालत चालत माहेरच्या गावी पोचते. तिला वाटतं बाप रागावेल. ती दाराशी थबकते, कडी वाजवायचा धीर होत नाही, तेवढ्यात बाप आतून दार उघडतो आणि म्हणतो, हातपाय धू, भात उतरला आहे. एवढंच. मी ते छापताना तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. पुस्तकात ज्या पानाची सगळे आठवण काढतात ते हेच पान.

छापायचं ठरलं ते माझ्या हट्टापायी. मास्तर तयार नव्हते. पण मला त्या वेळी कागद मिळाला होता, तो पडून राहिला तर पुन्हा मिळण्याची खात्री नव्हती. मी म्हटलं, मास्तर, छापून टाकू, दुसरा भाग आला की ताडून बघू, फरक असला तर पुढच्या आवृत्तीत सुधारू. तशी टीप तरी घाला, म्हणाले. मी म्हटलं, टीप घातली तर पुस्तकाला किंमत राहणार नाही. ते गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याला मी होकार समजलो.

आता भागरताबद्दल. ती कारखान्यात पहिल्या रांगेत बसायची, अगदी मास्तरांच्या समोर. जवळच्या फुलचूर गावी दिली होती. माहेर सालेकशाच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात. वय विशीच्या थोडं वर असेल. तिच्या अंगावर मार दिसायचा. आम्ही छापखान्यातून तिला येता जाता बघायचो, एकदा तर हात गळ्यात बांधून आली होती आणि दुसऱ्या हाताने वळत होती. कोणी विचारायचं नाही. विचारून काय करणार, असं आम्हा सगळ्यांचंच होतं. मास्तरांनी मात्र एकदा तिच्या नवऱ्याला रस्त्यात गाठून चार शब्द सुनावले होते, त्या दिवशी तिला आणखी मार पडला. नंतर त्यांनी तो विषय सोडला.

पुस्तक छापून आलं त्याच वर्षी पौषात भागरता एक दिवस कामावर आली नाही. ती सकाळच्या गाडीने सालेकशाला गेली होती. तिथून पायी माहेरी. पुढचं तिच्या भावाकडून कळलं. बाप घरात होता. त्याने आतूनच सांगितलं, दिवस मावळायच्या आत परत जा, आज तुला ठेवली तर उद्या गावातल्या सगळ्या पोरी सासर सोडून येतील. दार उघडलं नाही. भावांनी तिला गावाच्या हद्दीपर्यंत आणून सोडलं. ती फुलचूरला परत आली नाही. तिसऱ्या दिवशी माहेरच्या गावाच्या तलावात सापडली.

तिचा नवरा कारखान्याच्या दाराशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या मास्तरच्या गोष्टीनं माही बायको नेली." भर दुपार होती. बाया खाली बघून बसल्या. मी माझ्या दारातून बघत होतो. मास्तरांनी पुस्तक मिटलं, टोपली तिथेच ठेवली आणि चालत मुर्रीला गेले. शेठने वाचनाची चाल बंद केली. तो नवरा खरं बोलतो आहे असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, ज्याने तिला रोज मारलं त्याने गोष्टीवर आळ घ्यावा हा निर्लज्जपणा होता. तसं मी मास्तरांना शंभरदा सांगितलं. त्यांना ते पटायच्या बेतातही होतं कदाचित... पण दोन महिन्यांनी कलकत्त्याचं पार्सल आलं.

ते पार्सल माझ्याच पत्त्यावर आलं होतं. मी निरोप पाठवला, मास्तर आले, कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि तिथेच वाचायला लागले. सकाळी बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. चहा थंड झाला, दुसरा आणला तोही थंड झाला. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं. मूळ कादंबरीत तरुलता माहेरी पोचते आणि बाप दार उघडत नाही. ती घाटावर जाऊन बसते, पाण्याकडे बघते, संध्याकाळ होते, आणि ती उठून सासरी परत जाते. पुढे दोनशे पानं ती जगते. सुखाने नाही, पण जगते.

"बंगाली लेखकानं तिले जित्ती ठेवली होती, नानाजी. म्या मारली," मास्तर म्हणाले.

यातली कोणती तरू आणि कोणती भागरता, हे मी विचारलं नाही. त्यानंतर मास्तर पूर्वीचे राहिले नाहीत. दंडारीची सोंगं बंद, लेबलांच्या कविता बंद. मुर्रीच्या घरात मागच्या पडवीत बसून ते दुसरा भाग नव्याने, खरा, शब्दाला शब्द धरून मराठीत आणायला लागले. खोकल्यातून रक्त पडायला लागलं होतं, वैद्य लिहिणं बंद करा म्हणायचा. या वेळी समोर बाया नव्हत्या, हात नव्हते, त्यामुळे एकेका वाक्यापाशी त्यांचं अडायचं. वर्ष गेलं. मग एक दिवस ते ती बाडं धुवट फडक्यात बांधून घेऊन आले आणि म्हणाले, पुढच्या आवृत्तीत हे घाला, आणि आधीचा दुसरा भाग माझा होता, मी वाचकांना फसवलं, असं पहिल्या पानावर माझ्या सहीने छापा.

मी हो म्हटलं आणि छापलं नाही. कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि ती सगळी त्या वेळी मला खरी वाटायची. वाचनालयांनी पुस्तक मागवलं होतं. शाळांतून बक्षिसं म्हणून द्यायचे. दार न उघडणारा बाप कोण विकत घेणार? शिवाय मास्तरांचं नाव खराब होईल, मरायला टेकलेल्या माणसाला फसवा म्हणून हिणवतील, हे माझ्याने बघवणार नाही, असंही मी स्वतःला सांगितलं. त्यातलं किती मास्तरांसाठी होतं आणि किती धंद्यासाठी, ते आज मला निवडून दाखवता येणार नाही. जुन्याच मजकुराची तिसरी आवृत्ती काढली. त्यांच्याकडे प्रत पाठवली नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा ते पडवीत खाटेवर होते. अंगावर हाडं राहिली होती. धानाची मळणी चालू होती, अंगणात बैल फिरत होते, आणि त्या धुळीने त्यांना उबळ यायची तरी खाट आत न्या म्हणत नव्हते. मी खाटेशी बसलो. मग त्यांनी विचारलं,

"छापून रायले ना?"

"जुळणी चालू आहे, मास्तर."

"मंग मुद्रित आना एकडाव. म्या तपासतो."

मी आणतो म्हटलं. एकही खिळा जुळवलेला नव्हता. निघताना त्यांनी माझा हात धरला, आणि त्यांचा माझ्या शब्दावर पूर्ण विश्वास आहे हे मला त्या धरण्यातून कळलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा भाऊ सायकलवर आला.

तेरावं झाल्यावर मी ते फडक्यातलं बाड काढलं. छापायला घेणार होतो, पण जुळाऱ्याच्या हातात देववेना. मला वाटलं, हे आधी ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगावं. रस्ता ओलांडला आणि कारखान्यात गेलो. इतकी वर्षं समोर राहून मी आत कधी गेलो नव्हतो. शेठचा मुनीम ओळखीचा, त्याने अडवलं नाही. निम्म्या बाया नव्या होत्या, पण यशोदाबाई होती. ती भागरताच्या शेजारी बसायची, आता केस पांढरे झालेले. मास्तर गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, मास्तरांनी तरूची खरी गोष्ट लिहून ठेवली आहे, ती वाचून दाखवतो. मास्तरांसारखं मला त्यांच्या बोलीत सांगता येईना, आहे तसंच वाचलं. बाप दार उघडत नाही ते वाचलं, घाट वाचला, परत जाणं वाचलं. मी मास्तरांसारखं त्यांच्या हातांकडे बघत होतो. हात एकदाही थांबले नाहीत.

मी कागद खाली ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. मास्तरांची गोष्ट मनची होती, पुस्तकात तसं नव्हतं, भागरता त्या गोष्टीमुळे गेली असं ते धरून बसले आणि त्यातच संपले. मी बोलत असताना बाया एकमेकींकडे बघत होत्या.

"मार खाऊन खाऊन गेली ती," यशोदाबाई म्हणाली. "गोष्ट आयकून कोन जाते, नानाजी? आन् बाप दार उघडत नाही, हे सांगायले पुस्तक कायले पायजे? तिले का ठाऊक नोतं?"

मग म्हणाली, "मास्तर मनचंच सांगून रायले, हे आमाले पयल्याच दिवशी समजलं. तासभर बोलत, पन पान एकबी उलटलं नाही. भागरतानंच पयले पायलं. ती समोर बसे ना. आमाले म्हने, कोनी बोलू नोका, नाईतं मास्तर थांबतीन."

हे तुम्ही मास्तरांना कधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला होता.

"आमाले कोनं इचारलं?"

खरं होतं. मास्तरांनी त्या दुपारनंतर या रस्त्यावर पाऊल ठेवलं नाही. आणि मी, जो रोज समोर होतो, ज्याच्याकडे ते बाड वर्षभर पडून होतं, मला कधी वाटलंच नाही की या बायांनाही काही ठाऊक असेल. चाळीस पावलांचा रस्ता. तेव्हा ओलांडला असता तर मास्तर वाचले असते असं मी म्हणत नाही, छातीचं दुखणं काही त्याने बरं झालं नसतं. पण ते त्या ओझ्याखाली मेले नसते. हे मी आता कोणाकडे जाऊन दुरुस्त करू?

नवी आवृत्ती निघेल. दुसरा भाग झनकलाल मास्तरांचा, असं पहिल्या पानावर छापेन, आणि फसवलं हा शब्द त्यात नसेल. मूळ भागाचा अनुवाद वेगळा काढेन. दोन्हींत आधी कोणता घेऊ, हे जुळारी रोज विचारतो आणि मी रोज उद्या म्हणतो.

त्या दिवशी कारखान्यातून मी उठायला लागलो तर यशोदाबाईने बसा म्हटलं. आले आहात तर मास्तरांची वाचा, म्हणाली, यांनी ऐकलेली नाही, आणि नव्या पोरींकडे बोट केलं. छापलेली प्रत मुनिमाच्या कपाटात होती, त्याने काढून दिली. तरू पहाटे दार उघडते तिथून मी सुरुवात केली. रस्ता आला, गाव आलं, तरू बापाच्या दाराशी येऊन उभी राहिली. पानाच्या तळाला पोचलो आणि बोट ओलं करून पान उलटायला हात उचलला, तेव्हा जुन्या सगळ्या बाया वळायच्या थांबून माझ्या हाताकडे बघत होत्या.